दूरच्या बोर्डासाठी स्वतःचा लिनक्स कर्नल: बांधणी, चाचणी आणि अद्ययावतीकरण

गोव्यातल्या चोडण बेटावर आमच्या मामांच्या खाजन शेताच्या (खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या शेताच्या) बांधावर, मानशीच्या म्हणजे पाण्याच्या दारांच्या शेजारी, एका बंद पेटीत रास्पबेरी पाय ४ हा सिंगल बोर्ड संगणक बसवलेला आहे. भरतीच्या दाबाने मानशीची लाकडी दारे बंद होतात आणि ओहोटीला आतले पाणी बाहेर लोटत ती उघडतात. दाराच्या आत आणि बाहेर पाणी कोणत्या वेळी किती होते, याची नोंद हा बोर्ड ठेवतो. दार नीट मिटत नसेल तर खारे पाणी शेतात शिरण्याआधी ते या नोंदींतून कळते. मी राहतो फोंड्याला. पेटीपर्यंत पोहोचायचे म्हणजे रायबंदरला जाऊन फेरीबोट पकडावी लागते आणि पुढे बांधावरून चालावे लागते. अशा बोर्डाचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, बदलताना काही चुकले, तर ती चूक सुधारायला अर्धा दिवस जातो आणि तेवढ्या काळातल्या भरती-ओहोटीच्या नोंदी कायमच्या हुकतात. म्हणूनच या मार्गदर्शकात कर्नल कसा बांधावा याच्या जोडीने, किंबहुना त्याहून अधिक, जुन्या कर्नलकडे परत येण्याची वाट आधी कशी तयार करावी यावर भर दिला आहे.

आज्ञा, पर्याय आणि फायलींची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत; टर्मिनलवर ती मूळ रोमन अक्षरांत टाइप करावीत. कर्नलच्या पर्यायांची नावे, म्हणजे ‘कॉन्फिग’ने सुरू होणारी, तेवढी मोठ्या अक्षरांत असतात.

स्वतःचा कर्नल खरोखर हवा आहे का

हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारावा, कारण स्वतःचा कर्नल एकदा बसवला की त्याची देखभालही आपल्याच अंगावर येते. वितरणासोबत, म्हणजे रास्पबेरी पाय ओएससारख्या तयार लिनक्ससोबत, येणाऱ्या कर्नलमध्ये शेकडो ड्रायव्हर (उपकरणे चालवणारे भाग) मॉड्यूलच्या, म्हणजे गरजेप्रमाणे नंतर चढवता येणाऱ्या वेगळ्या फायलींच्या, रूपात आधीच असतात आणि बहुतेक उपकरणांसाठी बूटच्या वेळी वाचल्या जाणाऱ्या कॉन्फिग.टीएक्सटी या फायलीत डीटीओव्हरले ही एक ओळ लिहिणे पुरते. एखादेच मॉड्यूल कमी असेल, तर कर्नलची हेडर पॅकेज बसवून तेवढे मॉड्यूल वेगळे कंपाइल करता येते. संपूर्ण कर्नल बांधण्याची गरज मुख्यतः तेव्हा पडते, जेव्हा मॉड्यूल असलेला भाग कर्नलच्या आतच हवा असतो, कर्नलच्या मूळ वागणुकीत बदल हवा असतो, किंवा एखादा पॅच (सोर्समधला छोटा बदल) लावल्याशिवाय उपकरण चालतच नाही.

माझ्याकडे दोन कारणे होती. पहिले कारण वेळेचे. रास्पबेरी पाय ४ वर स्वतःचे घड्याळ नसते. पावसाळ्यात सलग चार दिवस आभाळ राहिले आणि सौर बॅटरी उतरली, की बोर्ड बंद पडतो. पुन्हा सुरू होतो तेव्हा मोबाइल नेटवर्क मिळेपर्यंत तो शेवटी जतन केलेल्या जुन्याच वेळेवर चालतो. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे तासाभराने चुकलेली नोंद ही नोंद नसण्यापेक्षाही वाईट. यासाठी डीएस३२३१ हे बॅटरीवर चालणारे घड्याळ बोर्डाला जोडले, परंतु त्याचा ड्रायव्हर आणि ते ज्या तारांवर जोडले जाते त्या आयटूसी बसचा ड्रायव्हर हे दोन्ही मॉड्यूल असल्यामुळे नोंदी ठेवणारा प्रोग्राम कधी कधी त्यांच्या आधी सुरू होत असे. सेवांचा क्रम बदलून हे निम्मे सुटले. दोन्ही ड्रायव्हर कर्नलच्या आत घेतल्यावर ते पूर्ण सुटले, कारण आता फाइल सिस्टिम जोडली जाण्यापूर्वीच कर्नल घड्याळावरून वेळ लावून घेतो.

दुसरे कारण पाण्याची पातळी मोजण्याचे. अल्ट्रासॉनिक सेन्सर आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला यावरून अंतर ठरते. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. जाणे-येणे धरले तर १ मिलिसेकंदाची चूक म्हणजे १७ सेंटिमीटरची चूक. पायथनच्या प्रोग्राममधून पिनवरचा संकेत मोजताना इतर कामांमुळे अशा चुका सहज होतात. कर्नलमधला एसआरएफ०४ हा ड्रायव्हर हीच मोजणी इंटरप्टच्या, म्हणजे पिनवरचा संकेत बदलल्याच्या, क्षणी करतो, म्हणून तो कितीतरी स्थिर आकडे देतो. माझ्या बोर्डावरच्या तयार कर्नलमध्ये मात्र तो चालू केलेला नव्हता.

तयारी

कर्नल बोर्डावरच कंपाइल करता येतो, पण रास्पबेरी पाय ४ वर त्याला तासाहून अधिक वेळ लागतो, बोर्ड तापतो आणि मेमरी कार्डाची झीज होते. लॅपटॉपवर डेबियन किंवा उबंटू असेल तर क्रॉस कंपायलर (दुसऱ्या प्रकारच्या प्रोसेसरसाठी कंपाइल करणारे साधन) वापरून तेच काम पुष्कळ लवकर होते. त्यासाठी गिट, बीसी, बायसन, फ्लेक्स, मेक, लिबएसएसएल-डेव्ह, लिबएनकर्सेस-डेव्ह आणि क्रॉसबिल्ड-इसेन्शियल-आर्म६४ ही पॅकेज बसवावीत. यांच्यासोबत सीकॅश हेही जरूर बसवावे. एकदा कंपाइल झालेला भाग ते जपून ठेवते आणि पुढच्या अद्ययावतीकरणाच्या वेळी बराच वेळ वाचवते. डिस्कवर २० गीगाबाइट मोकळी जागा ठेवली म्हणजे अडचण येत नाही.

जून ते सप्टेंबर या काळात आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. मेक ही आज्ञा आधी झालेले काम पुन्हा करत नाही, त्यामुळे वीज आल्यावर तीच आज्ञा पुन्हा द्यावी आणि काम जिथे थांबले होते तिथून पुढे जाऊ द्यावे. मात्र वीज गेली त्या क्षणी लिहिली जात असलेली एखादी ऑब्जेक्ट फाइल शून्य आकाराची राहू शकते, आणि मग अगदी शेवटी लिंक करताना अर्थ न लागणारी त्रुटी येते. अशा वेळी फाइंड आज्ञेने शून्य आकाराच्या डॉट-ओ फायली शोधून काढून टाकाव्यात आणि पुन्हा मेक द्यावे. मूळ सोर्समध्ये दोष शोधत बसू नये.

आणखी दोन वस्तू हाताशी हव्यात. एक म्हणजे त्याच मॉडेलचा दुसरा बोर्ड, जो घरच्या टेबलावर राहील. दूरच्या बोर्डावर जाणारी प्रत्येक गोष्ट आधी या जुळ्या बोर्डावर चालली पाहिजे. दुसरी म्हणजे यूएसबी ते सीरियल केबल. कर्नल मध्येच थांबला तर पडद्यावर काहीच दिसत नाही, पण सीरियल कन्सोलवर शेवटची ओळ दिसते आणि बहुधा तीच ओळ कारण सांगते. केबलची जमीन (ग्राउंड) ६ क्रमांकाच्या पिनला जोडावी, केबलची घेण्याची तार ८ क्रमांकाच्या आणि पाठवण्याची तार १० क्रमांकाच्या पिनला जोडावी, वेग ११५२०० ठेवावा, कॉन्फिग.टीएक्सटीमध्ये इनेबल_यूएआरटी चे मूल्य १ करावे. केबल ३.३ व्होल्टची आहे याची खात्री जोडण्यापूर्वीच करावी, कारण ५ व्होल्टचा संकेत या पिनांना सोसत नाही.

सोर्स आणि कॉन्फिगरेशन

रास्पबेरी पायसाठी त्यांच्याच गिट भांडारातला कर्नल घ्यावा. मूळ लिनक्स कर्नल या बोर्डांवर चालतो, पण काही ड्रायव्हर आणि ओव्हरले फक्त त्या भांडारातच असतात. शाखा निवडताना दीर्घकाळ देखभाल होणारी मालिका निवडावी. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेली ६.१२ ही अशीच मालिका असून माझी पेटी तिच्यावरच चालते. गिट क्लोन करताना डेप्थ १ हा पर्याय द्यावा, म्हणजे सगळा इतिहास उतरवावा लागत नाही.

यानंतर प्रत्येक मेक आज्ञेसोबत आर्च चे मूल्य आर्म६४ आणि क्रॉस_कंपाइल चे मूल्य एआर्च६४-लिनक्स-जीएनयू- असे द्यावे लागते. शेवटची आडवी रेघ त्या मूल्याचाच भाग आहे. ती राहिली तर कंपायलर सापडत नाही. आर्च द्यायला विसरले तर मेक मुकाट्याने लॅपटॉपच्याच प्रोसेसरसाठी कॉन्फिगरेशन तयार करतो, म्हणून ही दोन्ही मूल्ये एका छोट्या शेल स्क्रिप्टमध्ये कायमची लिहून ठेवणे चांगले.

६४ बिटच्या रास्पबेरी पाय ४ साठी बीसीएम२७११_डेफकॉन्फिग हे कॉन्फिगरेशन वापरायचे असते. येथे बहुतेक जण मेक मेनूकॉन्फिग उघडून हवे ते पर्याय बदलतात आणि तयार झालेली डॉट-कॉन्फिग फाइल जपून ठेवतात. मी तसे करू नये असेच सांगेन. त्या फायलीत हजारो ओळी असतात. सहा महिन्यांनी त्यांतल्या आपल्या कोणत्या आणि मुळातल्या कोणत्या हे आपल्यालाच ओळखता येत नाही. त्याऐवजी आपले बदल तेवढे एका वेगळ्या छोट्या फायलीत लिहावेत. माझ्या फायलीचे नाव खाजन.कॉन्फिग असे आहे आणि ती सोर्समधल्या आर्च/आर्म६४/कॉन्फिग्स या फोल्डरमध्ये असते. तिच्यात मोजक्याच ओळी आहेत: कॉन्फिग_आयटूसी_बीसीएम२८३५, कॉन्फिग_आरटीसी_डीआरव्ही_डीएस१३०७ आणि कॉन्फिग_बीसीएम२८३५_डब्ल्यूडीटी यांना वाय (कर्नलच्या आत), कॉन्फिग_एसआरएफ०४ ला एम (मॉड्यूल), कॉन्फिग_आयकेकॉन्फिग आणि त्याचा प्रॉक हा जोडपर्याय यांना वाय, आणि कॉन्फिग_लोकलव्हर्जन मध्ये -व्ही८-खाजन२ असे नाव. डीएस१३०७ हाच ड्रायव्हर डीएस३२३१ लाही चालवतो, म्हणून वेगळे नाव शोधण्याची गरज नाही. मग मेक आज्ञेला बीसीएम२७११_डेफकॉन्फिग आणि खाजन.कॉन्फिग ही दोन्ही नावे एकापाठोपाठ दिली, की मूळ कॉन्फिगरेशनवर आपले बदल चढवले जातात.

ते खरोखर चढले का, हे मात्र तपासलेच पाहिजे. एखादा पर्याय दुसऱ्या पर्यायावर अवलंबून असेल आणि तो दुसरा बंद असेल, तर आपली ओळ गळून पडते. एक सूचना स्क्रीनवर येऊन जाते आणि बांधणी मात्र सुरळीत पार पडते. म्हणून ग्रेप आज्ञेने डॉट-कॉन्फिगमध्ये आपली प्रत्येक ओळ शोधून पाहावी.

लोकलव्हर्जनमधले नाव ही कर्नलची ओळख आहे. मॉड्यूलचे फोल्डर याच नावाने तयार होते आणि कर्नल दुसऱ्या नावाच्या फोल्डरकडे पाहत नाही. गिटमधून घेतलेल्या सोर्सवर या नावाच्या शेवटी कधी कधी अधिकचे चिन्ह आपोआप लागते, म्हणून बांधणीच्या आधी मेक कर्नलरिलीज ही आज्ञा देऊन पूर्ण नाव पाहून घ्यावे. कॉन्फिगरेशनमध्ये बदल केला की नावातला अंकही वाढवावा. एकाच नावाचे दोन वेगळे कर्नल एका बोर्डावर आले, की पहिल्याची मॉड्यूल दुसऱ्याच्या गळ्यात पडतात.

डिव्हाइस ट्री

घरातला साधा संगणक आपल्याला कोणती उपकरणे जोडलेली आहेत हे बऱ्याच अंशी स्वतः शोधू शकतो. आर्म बोर्डावरचे घड्याळ किंवा सेन्सर मात्र आयटूसीच्या दोन तारांवर किंवा एखाद्या पिनवर गप्प बसलेले असते, आणि ते तिथे आहे हे कर्नलला कोणीतरी सांगावे लागते. ते सांगणारी फाइल म्हणजे डिव्हाइस ट्री. बोर्डाचे मूळ वर्णन डॉट-डीटीबी फायलीत असते आणि आपण जोडलेल्या वस्तूंची भर डॉट-डीटीबीओ या ओव्हरले फायलींतून घातली जाते. ड्रायव्हर कर्नलमध्ये असूनही उपकरण दिसत नाही, अशा दहातल्या आठ वेळा दोष माझ्या अनुभवात डिव्हाइस ट्रीमध्येच निघाला आहे.

घड्याळासाठी आयटूसी-आरटीसी हे तयार ओव्हरले डीएस३२३१ या पर्यायासह वापरता येते. अल्ट्रासॉनिक सेन्सरसाठी मी दहा-बारा ओळींचे ओव्हरले स्वतः लिहिले. त्यात कंपॅटिबल या ओळीत डेव्हनटेक,एसआरएफ०४ हे नाव, ट्रिगरसाठी एक पिन आणि प्रतिध्वनीसाठी दुसरी पिन एवढेच असते, आणि डीटीसी या आज्ञेने ते कंपाइल होते. सेन्सर ५ व्होल्टचा असेल तर प्रतिध्वनीची तार दोन रोधकांच्या विभाजकातूनच बोर्डाला जोडावी. डिव्हाइस ट्री आणि कर्नल यांची जोडी कधी मोडू नये: ज्या सोर्समधून कर्नल बांधला त्याच सोर्समधल्या डीटीबी आणि ओव्हरले फायली त्याच्याबरोबर गेल्या पाहिजेत.

बांधणी आणि नेऊन ठेवणे

मेक आज्ञेला इमेज.जीझेड, मॉड्यूल्स आणि डीटीबीएस ही तीन लक्ष्ये द्यावीत आणि ‘-जे’ या पर्यायापुढे प्रोसेसरच्या गाभ्यांची संख्या लिहावी. बांधणी संपल्यावर मॉड्यूल थेट कुठेही न बसवता लॅपटॉपवरच्या एका रिकाम्या फोल्डरमध्ये उतरवावीत. यासाठी मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल या आज्ञेला इन्स्टॉल_मॉड_पाथ मध्ये त्या फोल्डरचा पत्ता द्यावा आणि इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप चे मूल्य १ करावे. स्ट्रिप केल्याने मॉड्यूलमधली डीबगची माहिती निघून जाते आणि आकार पुष्कळ कमी होतो. मोबाइल नेटवर्कवरून पाठवायचे असेल तेव्हा हा फरक मोठा असतो. मॉड्यूलच्या फोल्डरमध्ये बिल्ड नावाचा एक दुवा तयार होतो. तो लॅपटॉपवरच्या सोर्सकडे बोट दाखवतो आणि बोर्डावर निरर्थक असतो, म्हणून तो काढून टाकावा.

आता मी केलेली एक चूक सांगतो, कारण ती कोणाकडूनही होऊ शकते. वर उतरवलेल्या फोल्डरची मी टार फाइल केली आणि ती दूरच्या बोर्डावर थेट मुळावर, म्हणजे रूट डिरेक्टरीवर, उलगडली. आजच्या डेबियनमध्ये लिब हे खरे फोल्डर नसून यूएसआर/लिबकडे जाणारा दुवा असतो. टारने तो दुवा काढून त्याच्या जागी माझ्या मॉड्यूलपुरते खरे लिब फोल्डर तयार केले, आणि त्या क्षणापासून बोर्डावरची एकही आज्ञा चालेना, कारण प्रत्येक आज्ञेला लागणारी मूळ लायब्ररीच तिला सापडेनाशी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीबोटीने जाऊन कार्ड काढून आणावे लागले आणि मधल्या दोन भरत्यांची नोंद हुकली. तेव्हापासून मी फक्त आवृत्तीच्या नावाचे एकच फोल्डर आरसिंक आज्ञेने यूएसआर/लिब/मॉड्यूल्समध्ये पाठवतो. मुळावर काहीही उलगडत नाही. नंतर बोर्डावर मॉड्यूलांची सूची करणारी डेपमॉड ही आज्ञा कर्नलच्या पूर्ण नावासह एकदा चालवावी.

कर्नल इमेज आणि डीटीबी यांच्यासाठी बूट विभाजनात, म्हणजे रास्पबेरी पाय ओएसच्या बुकवर्म किंवा त्यानंतरच्या आवृत्तीत बूट/फर्मवेअर येथे, एक नवे फोल्डर करावे. माझे खाजन२ आहे. त्यात इमेज.जीझेड ही फाइल कर्नल८.आयएमजी या नावाने ठेवावी. सोबत बीसीएम२७११-आरपीआय-४-बी ची डीटीबी फाइल, सीएमडीलाइन.टीएक्सटी ची प्रत आणि ओव्हरलेज नावाचे उपफोल्डर ठेवावे. या उपफोल्डरमध्ये रीडमी ही फाइल असणे आवश्यक आहे. ती नसेल तर फर्मवेअर आपले ओव्हरले न घेता जुन्याच ठिकाणचे घेतो, आणि नव्या कर्नलला जुनी ओव्हरले मिळतात.

वेगळ्या फोल्डरचा हा आग्रह अद्ययावतीकरणासाठी आहे. ॲप्ट अपग्रेड केल्यावर वितरणाचा नवा कर्नल, डीटीबी आणि ओव्हरले बूट विभाजनात आपापल्या ठरलेल्या नावांवर लिहिले जातात. आपण आपला कर्नल त्याच नावावर ठेवला असेल, तर एखाद्या नेहमीच्या अपग्रेडनंतर तो नाहीसा होतो. वेगळ्या फोल्डरला ॲप्ट हात लावत नाही.

परतीची वाट

रास्पबेरी पाय ४ च्या बूटलोडरमध्ये (कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्राममध्ये) ट्रायबूट नावाची एक सोय आहे आणि माझ्या मते दूर बसवलेल्या बोर्डासाठी तिच्याइतकी उपयोगी दुसरी सोय नाही. रीबूट या आज्ञेला अवतरणचिन्हांत ‘० ट्रायबूट’ असे दिले, की फक्त त्या एका बूटपुरती कॉन्फिग.टीएक्सटीच्या जागी ट्रायबूट.टीएक्सटी ही फाइल वाचली जाते. त्यानंतरचा कोणताही रीबूट, मग तो आज्ञेने झालेला असो, वीज गेल्याने असो की स्विच बंद-चालू केल्याने, पुन्हा जुन्या कॉन्फिग.टीएक्सटीवरूनच होतो.

म्हणून कॉन्फिग.टीएक्सटीची प्रत ट्रायबूट.टीएक्सटी या नावाने करावी आणि तिच्यात दोनच बदल करावेत. ओएस_प्रीफिक्स मध्ये खाजन२ हे नाव, शेवटच्या तिरक्या रेघेसह, लिहावे. ऑटो_इनिटरॅमएफएस चे मूल्य ० करावे, कारण जुन्या इनिटरॅमएफएसमध्ये (सुरुवातीला मेमरीत घेतल्या जाणाऱ्या छोट्या फाइल सिस्टिममध्ये) जुन्या कर्नलची मॉड्यूल असतात, तर या कॉन्फिगरेशनमध्ये मेमरी कार्ड आणि ईएक्सटी४ यांचे ड्रायव्हर कर्नलच्या आतच असल्याने त्याची गरजही नसते. फोल्डरमध्ये कर्नल किंवा डीटीबी सापडली नाही तर फर्मवेअर तक्रार न करता प्रीफिक्सकडे दुर्लक्ष करतो आणि जुनाच कर्नल चालू करतो; त्यामुळे बूट झाल्यावर सर्वांत आधी यूनेम -आर देऊन नाव पाहावे आणि मगच आनंद मानावा.

नव्या फोल्डरमधल्या सीएमडीलाइन.टीएक्सटीमध्ये, त्याच एका ओळीत, पॅनिक=१० असे जोडावे. कर्नल पॅनिक झाला, म्हणजे न सावरणाऱ्या चुकीने थांबला, तर तो १० सेकंदांनी स्वतः रीबूट होतो आणि ट्रायबूटमुळे जुना कर्नल परत येतो. सिस्टमडीच्या (सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) कॉन्फिगरेशनमध्ये रनटाइमवॉचडॉगसेक चे मूल्य १४ ठेवावे. या चिपचा वॉचडॉग, म्हणजे ठरलेल्या वेळेत खूण न मिळाल्यास बोर्ड रीबूट करणारा टायमर, सुमारे १५ सेकंदांपलीकडे जात नाही. त्यामुळे सगळे सुरू होऊन मध्येच गोठले, तरीही बोर्ड स्वतःला सोडवतो.

कर्नल ठीक चालतो, पण मोडेम लागत नाही, अशी तिसरी शक्यता उरते, आणि दूरच्या बोर्डाच्या बाबतीत हीच सर्वांत जास्त वेळा समोर येते. तिच्यासाठी मी बोर्डावर एक छोटी सेवा ठेवली आहे. ट्रायबूटने सुरुवात झाली असेल, तर ती १० मिनिटे वाट पाहते. तेवढ्यात मी बाहेरून आत येऊन ‘मंजूर’ नावाची रिकामी फाइल तयार केली नाही, तर ती साधा रीबूट करते. या सेवेची चाचणी घरच्या जुळ्या बोर्डावर मोडेम मुद्दाम काढून घ्यावी.

एवढे करूनही एक फट राहते. सिस्टमडी सुरू होण्यापूर्वीच कर्नल पॅनिक न होता नुसता थांबला, तर वॉचडॉग अजून सुरूच झालेला नसतो. अशा वेळी कोणीतरी स्विच बंद करून पुन्हा चालू करणे एवढेच उरते, पण तेवढे पुरते. मामांना कर्नल म्हणजे काय हे ठाऊक असण्याची गरज नाही, “मामा, पेटीचा स्विच एकदा बंद करून पुन्हा चालू कराल का?” एवढा एक फोन केला की जुना कर्नल परत येतो.

नवा कर्नल दोन-तीन दिवस नीट चालला, तर त्याला कायमचा करावा. आधी डीमेसेजच्या नोंदीत घड्याळ ०एक्स६८ या पत्त्यावर आरटीसी० म्हणून नोंदले गेले आहे आणि त्यावरून सिस्टिमची वेळ लावली गेली आहे, हे पाहावे. सेन्सरचे आकडे बांधावरच्या मोजपट्टीशी फोनवरून ताडून घ्यावेत. मग ट्रायबूट.टीएक्सटीची प्रत तात्पुरत्या नावाने करून सिंक द्यावे आणि त्यानंतरच तिचे नाव बदलून कॉन्फिग.टीएक्सटी करावे. बूट विभाजन फॅट प्रकारचे असते आणि अर्धवट लिहिलेली फाइल सावरण्याची सोय त्यात नसते, म्हणून हे काम बॅटरी पूर्ण भरलेली असताना, उन्हाच्या वेळी करावे.

पुढची अद्ययावतीकरणे

६.१२ सारख्या मालिकेत छोट्या दुरुस्त्यांच्या नव्या आवृत्त्या साधारण दर आठवड्या-पंधरवड्याला येतात. प्रत्येक आवृत्ती घेण्याची गरज नसते, पण नेटवर्क, यूएसबी किंवा आपण वापरत असलेल्या फाइल सिस्टिममध्ये सुरक्षेची दुरुस्ती असेल तर ती टाळू नये. मी पावसाळा सुरू होण्यापूर्वी, मे महिन्यात एक आणि चवथीनंतर एक असे दोन ठरलेले बदल करतो; मधल्या काळात फक्त सुरक्षेचे घेतो.

त्याच मालिकेतला बदल सोपा असतो. गिट फेच पुन्हा डेप्थ १ ने करावे, शाखा नव्या टोकावर आणावी, आपले पॅच असतील तर ते गिट एएम ने पुन्हा लावावेत, डेफकॉन्फिग आणि खाजन.कॉन्फिग पुन्हा चढवावे, नावातला अंक वाढवावा आणि बांधावे. पॅच आणि खाजन.कॉन्फिग या फायली कर्नलच्या सोर्सबाहेर, स्वतंत्र गिट भांडारात ठेवाव्यात आणि बांधणीच्या वेळी आत नकलाव्यात. मग सोर्सचे फोल्डर केव्हाही पुसून नव्याने घेता येते.

मालिका बदलताना, उदाहरणार्थ ६.६ वरून ६.१२ वर येताना, जुनी डॉट-कॉन्फिग पुढे ओढून नेऊ नये. पर्यायांची नावे बदलतात, काही दोनांत विभागले जातात, काही नाहीसे होतात. नव्या मालिकेच्या डेफकॉन्फिगवर आपली छोटी फाइल चढवावी आणि स्क्रिप्ट्स/डिफकॉन्फिग या साधनाने जुन्या व नव्या कॉन्फिगरेशनमधला फरक वाचावा. बोर्डावर चालू असलेल्या कर्नलचे खरे कॉन्फिगरेशन प्रॉक/कॉन्फिग.जीझेडमधून झेडकॅटने मिळते. आयकेकॉन्फिग चालू ठेवण्याचे कारण हेच. वेगळे कंपाइल केलेले एखादे मॉड्यूल असेल तर तेही नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावे लागते, नाहीतर ‘मॉड्यूलचा प्रकार अयोग्य’ या अर्थाची त्रुटी येऊन ते घेतले जात नाही. आधीच्या अपग्रेडनंतर काहीतरी बिघडले आणि कशामुळे ते कळत नसेल, तर पूर्ण इतिहासासह क्लोन करून गिट बायसेक्ट (मधल्या बदलांचे निम्मे-निम्मे भाग तपासत दोषी बदल शोधणारी आज्ञा) वापरावे. सीकॅश आणि जुळा बोर्ड हाताशी असतील तर हे एका रविवारचे काम आहे.

रॉकचिप किंवा ऑलविनर चिपच्या बोर्डांवर ट्रायबूट नसते. तेथे बूटलोडर यू-बूट असतो. अशा बोर्डांवर मूळ कर्नलचे डेफकॉन्फिग आणि वरच्यासारखीच छोटी फाइल वापरावी आणि एक्स्टलिनक्स.कॉन्फ मध्ये जुन्या व नव्या कर्नलसाठी दोन वेगळी लेबले ठेवावीत. यू-बूटमध्ये बूटकाउंट, बूटलिमिट आणि अल्टबूटसीएमडी या सोयी कंपाइल केलेल्या असतील, तर ठरलेल्या वेळा फसल्यावर तो स्वतःच दुसऱ्या आज्ञेकडे वळतो. त्या आहेत का, हे बोर्ड दूर नेण्यापूर्वी सीरियल कन्सोलवर पाहून घ्यावे.

बोर्डावर आपले शेवटचे दोन कर्नल आणि वितरणाचा एक, असे तीनच ठेवावेत. बूट विभाजन लहान असते, आणि ते भरले तर पुढच्या वेळी ॲप्टच अर्धवट थांबतो. जुने फोल्डर काढताना मॉड्यूलचे त्याच नावाचे फोल्डरही काढावे, आणि काढण्यापूर्वी यूनेम -आर पुन्हा एकदा पाहावे.